गुणवत्ता प्रदर्शनात घोषवाक्ये नकोत, आपलाच माल मांडा

पत्र

'आमच्या कारखान्यात घरगुती वापराचे विजेचे स्विच आणि सॉकेट तयार होतात. कारखाना अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत असून तिन्ही पाळ्या मिळून सुमारे १८० माणसे काम करतात. त्यांतली जवळजवळ निम्मी कंत्राटी आहेत. मी गुणवत्ता विभागात सहायक अभियंता आहे. येत्या नोव्हेंबरात कामगारांसाठी गुणवत्ता जागृतीचे प्रदर्शन भरवायचे असे प्लँट मॅनेजरसाहेबांनी ठरवले असून सगळी जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. मागच्या वर्षी फ्लेक्स लावले, बाहेरून आलेल्या पाहुण्यांचे भाषण झाले, लोकांनी चहा-वडा घेतला आणि ते परत मशीनवर गेले. या वर्षी मी रिजेक्ट झालेले पीस मांडायचे सुचवले, तर युनियनचे प्रतिनिधी म्हणाले की ही कामगारांची चारचौघांत अब्रू काढण्याची तऱ्हा आहे. सुपरवायझर म्हणतात, लाइन थांबणार नाही, ज्यांना बघायचे ते जेवणाच्या सुट्टीत बघतील. खर्चाच्या बाबतीतही हात आखडता आहे. नेमके काय मांडावे, कसे मांडावे, आणि लोकांनी ते मनापासून पाहावे यासाठी काय करावे?'

उत्तर

प्रिय वाचक भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात तीन अडचणी आहेत आणि त्यांपैकी युनियनच्या प्रतिनिधींनी मांडलेली अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिचे उत्तर नीट सापडले, तर काय मांडावे आणि वेळ कसा मिळवावा हे पुढचे प्रश्न बरेच सोपे होतील. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

रिजेक्ट पीस मांडण्याला विरोध होतो, कारण बहुतेक कारखान्यांत रिजेक्ट पीस हा आजवर कोणाला तरी जाब विचारण्यासाठीच दाखवला गेलेला असतो. पीस हातात घेऊन सुपरवायझर लाइनवर येतो तेव्हा 'हा कोणी काढला' हाच पहिला प्रश्न असतो. हा अनुभव असलेल्या माणसाला तोच पीस टेबलावर, पांढऱ्या कापडावर, खाली चिठ्ठी लावून दिसला, तर त्याला त्यात आपलेच नाव वाचल्यासारखे वाटणार. त्यामुळे प्रदर्शनाचा आराखडा कागदावर यायच्या आधी युनियनच्या प्रतिनिधींसोबत आणि कंत्राटी कामगारांतल्या दोन-तीन जाणत्या माणसांसोबत बसा, आणि एक नियम सर्वांसमक्ष मान्य करून घ्या: कोणत्याही खराब पिसाजवळ माणसाचे नाव, मशीनचा क्रमांक, पाळी किंवा तारीख लिहिली जाणार नाही, आणि प्रत्येक खराब पिसाशेजारी तो तसा का झाला याचे कामाच्या पद्धतीतले कारण लिहिलेले असेल. ज्या पिसाचे कारण अजून कोणालाच सापडलेले नाही, तोही जरूर मांडा आणि 'कारण सापडलेले नाही, तुम्हाला काय वाटते?' असे तिथे स्पष्ट लिहा. हा नियम मॅनेजरसाहेबांच्या सहीने सूचना फलकावर आधीच लागला पाहिजे. तोंडी आश्वासनावर लोकांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करू नका.

गुणवत्ता नियंत्रणाच्या क्षेत्रात अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. १९५० साली त्यांनी जपानमध्ये दिलेल्या व्याख्यानांचा तिथल्या कारखानदारीवर मोठा प्रभाव पडला आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार तिथे १९५१ पासून दिला जातो. व्यवस्थापनासाठी त्यांनी जी १४ सूत्रे मांडली, त्यांतल्या दहाव्या सूत्रात त्यांनी कामगारांना उद्देशून लावलेली घोषवाक्ये आणि उपदेश काढून टाका असे सांगितले आहे. त्यांचे कारण साधे आहे. खराबी आणि कमी उत्पादकता यांची बहुतेक कारणे यंत्रणेत असतात, ती कामगाराच्या हातात नसतात. मग 'शून्य दोष हेच आमचे ध्येय' असा फलक कामगाराच्या डोक्यावर टांगून तुम्ही त्याला सांगता काय, तर जे त्याला बदलता येत नाही त्याची जबाबदारी त्याने घ्यावी. मागच्या वर्षीचे फ्लेक्स लोकांनी पाहिले नाहीत, यात लोकांचा दोष नव्हता. या वर्षी घोषवाक्याचा एकही फलक लावू नका, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. जी भिंत मोकळी राहील ती मोकळीच राहू द्या.

डेमिंग यांचाच एक खेळ तुमच्या प्रदर्शनाच्या तोंडाशी ठेवा. भुलेश्वरच्या बाजारातून एकाच आकाराचे ८०० पांढरे आणि २०० लाल मणी आणा, ते एका पसरट डब्यात एकत्र मिसळा, आणि तुमच्या टूलरूमकडून अ‍ॅक्रिलिकच्या एका पट्टीवर ५० खळगे पाडून घ्या. पट्टी मण्यांत बुडवून वर काढली की ५० मणी खळग्यांत बसून येतात. पांढरा मणी म्हणजे चांगला पीस, लाल मणी म्हणजे खराब पीस. पट्टी बुडवणाऱ्याने कितीही मन लावून काम केले, तरी दर खेपेला सरासरी १० लाल मणी येणारच, कारण डब्यातच पाचपैकी एक मणी लाल आहे. एका खेपेला ६ येतील, दुसऱ्या खेपेला १४. हिशेबाने ही संख्या साधारण २ ते १८ च्या दरम्यान खालीवर होत राहते, आणि त्यात बुडवणाऱ्याचे कौशल्य काडीचेही नसते. या खेळात पट्टी बुडवण्याचा पहिला मान मॅनेजरसाहेबांना द्या, मग सर्व सुपरवायझरांना द्या, आणि त्यांचे आकडे मोठ्या फळ्यावर नावानिशी लिहा. ज्या सुपरवायझरच्या वाट्याला ५ लाल मणी आले त्याचे कौतुक करा, ज्याला १५ आले त्याला पुढच्या वेळी लक्ष देऊन काम करायला सांगा. बघणाऱ्या कामगारांना यातला अर्थ समजावून सांगावा लागत नाही, आणि लाल मणी कमी करायचे तर डब्यातला माल बदलावा लागेल हे सुपरवायझरांच्याही ध्यानात येते. खराब पिसांचे टेबल या खेळाच्या नंतर यायला हवे. हा क्रम कोणत्याही कारणाने बदलू नका.

आता त्या टेबलांविषयी. विषय थोडे घ्या. तुमच्या ग्राहक तक्रारींच्या रजिस्टरमधल्या आणि अंतिम तपासणीच्या नोंदींतल्या वर्षभराच्या खराबी प्रकारवार मोजा. बहुधा दोन-तीन प्रकारांतच निम्म्याहून जास्त नोंदी सापडतील. तेवढेच प्रकार प्रदर्शनात घ्या आणि बाकीच्यांचा मोह सोडा. तुमचे रजिस्टर मी पाहिलेले नाही, परंतु स्विचच्या धंद्यात ज्या गोष्टी सर्रास आढळतात त्यांवरून काही टेबले सुचवतो.

पहिले टेबल जळलेल्या स्विचचे असावे. आपण जो माल बनवतो तो कोणाच्या तरी घरात भिंतीवर बसतो आणि तिथे काय होते, हे असेंब्लीवरच्या माणसाला बघायला मिळत नाही. साकीनाक्याच्या किंवा कुर्ल्याच्या एखाद्या इलेक्ट्रिशियनला विनंती करा; लोकांच्या घरांतून काढलेले जळके स्विच आणि वितळलेले सॉकेट त्याच्या पिशवीत असतातच. कोणत्याही कंपनीचे असोत, नाव खरवडून टाका. त्यांतला एक उघडून ठेवा, म्हणजे टर्मिनलच्या स्क्रूभोवती काळे पडलेले प्लास्टिक आणि रंग बदललेले पितळ दिसेल. शेजारी मोठ्या अक्षरांत एवढाच हिशेब लिहा: ढिल्या जोडाचा रोध ०.१ ओहम असेल आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर त्या एका जागी १० वॅट उष्णता तयार होते. एवढी उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत कोंडली की काय होते, हे समोरचा पीस सांगतोच. मग त्याच टेबलावर तुमच्या कारखान्यातले दोन टर्मिनल ठेवा, एकाच्या स्क्रूचे आटे नीट पडलेले आणि दुसऱ्याचे अर्धवट, आणि स्क्रूड्रायव्हर तिथेच बांधून ठेवा. अर्धवट आट्यांचा स्क्रू हाताला आधी घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि थोडा जोर दिला की घसरतो. हा फरक शंभर शब्दांत सांगून जे होणार नाही, ते एकदा स्क्रू फिरवून होते. विजेचे प्रात्यक्षिक मात्र अजिबात करू नका. प्रदर्शनात कुठेही जिवंत वीज नको.

दुसरे टेबल स्प्रिंगचे. ही गोष्ट जपानमधल्या यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात १९६१ साली घडलेली आहे आणि तीही स्विचच्याच जोडणीतली असल्यामुळे तुमच्या लोकांना ती परकी वाटणार नाही. तिथे दोन बटणांच्या एका छोट्या स्विचमध्ये प्रत्येक बटणाखाली एक अशा दोन स्प्रिंगा घालायच्या असत. कामगार मोठ्या खोक्यातून एकेक स्प्रिंग उचलून बसवत आणि कधीतरी एखादी राहून जाई. ग्राहकाची तक्रार येई, काही दिवस सर्वांना बजावले जाई, आणि पुन्हा तेच होई. शिगेओ शिंगो या जपानी औद्योगिक अभियंत्यांनी तिथे एक लहानशी वाटी आणली. आधी मोठ्या खोक्यातून दोन स्प्रिंगा वाटीत काढून घ्यायच्या, मग वाटीतून उचलून बसवायच्या. जोडणी संपल्यावर वाटीत स्प्रिंग उरलेली दिसली, की ती बसवायची राहिली हे तिथल्या तिथे कळते. कोणावर ओरडावे लागले नाही, कोणाला जास्त लक्ष द्यावे लागले नाही, आणि तक्रारी थांबल्या.

हे सगळे तुमच्या टेबलावर प्रत्यक्ष करून दाखवता येईल. तुमच्याच स्विचचे दहा सुटे संच ठेवा, शेजारी स्प्रिंगांचा मोठा डबा ठेवा. येणाऱ्या माणसाला आधी डब्यातून घेऊन जोडायला सांगा आणि जोडत असताना मुद्दाम त्याच्याशी गप्पा मारा, गाव कोणते, गाडी किती वाजताची, मुलगा कितवीत आहे. नंतर तेच काम वाटी घेऊन करायला सांगा. असेंब्लीवर वर्षानुवर्षे बसणाऱ्या बायकांपैकी एखादी तुम्हाला सांगेल की मी वाटी वापरत नाही पण स्प्रिंगा पाच-पाचच्या ढिगाने लावून घेते. ते ऐकताच वही काढा. अशी युक्ती जिने स्वतःहून शोधलेली आहे तिलाच पुढचा अर्धा दिवस या टेबलापाशी उभी करा, आणि तिची पद्धत तिच्या परवानगीने तिच्या नावासकट लिहून लावा. खराबीला नाव नको असे मी वर म्हटले. सुधारणेला मात्र नाव हवेच.

मोल्डिंग विभागासाठी ओल्या दाण्याचे टेबल करा. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा किती असतो हे सांगायला नको. स्विचसाठी वापरतात त्या पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचा दाणा ही ओल धरतो, म्हणून मोल्डिंगपूर्वी तो साधारण १२० अंश सेल्सिअसला तीन-चार तास सुकवावा लागतो आणि त्यातली ओल ०.०२ टक्क्यांच्या खाली आणावी लागते. घाईत ड्रायरचा वेळ कापला, किंवा सुकवलेला दाणा उघड्या पिंपात तसाच राहिला, तर पिसावर चंदेरी रेघा उमटतात. रेघा दिसल्या तर पीस बाजूला काढता येतो. त्याहून वाईट म्हणजे रेघा न दिसताही ओलीमुळे प्लास्टिकची ताकद गेलेली असू शकते, आणि मग भिंतीवर बसवताना स्क्रू आवळला की त्याच्या भोकाभोवतीचा कान तुटतो. नीट सुकवलेल्या दाण्याचा आणि मुद्दाम न सुकवता काढलेल्या दाण्याचा पीस तयार करून घ्या आणि पक्कड देऊन लोकांना वाकवून बघू द्या. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, तुकडा उडतो. दाणा आणून ओतणारा हेल्पर बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतो आणि ड्रायरचा दिवा हिरवा का होऊ द्यायचा हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते, म्हणून हे टेबल त्याच्यासाठी आहे असे समजा.

मोजमापाचे टेबल सोपे आहे: पितळेची एकच पिन आणि जाडी मोजायचा एकच व्हर्निअर ठेवा, प्रत्येकाने मोजून आकडा चिठ्ठीवर लिहून बंद डब्यात टाकावा, आणि दिवसअखेरीस सगळे आकडे फळ्यावर मांडावेत. ०.०२ मिलीमीटर बारकाई असलेल्या व्हर्निअरवर ०.०१ मिलीमीटरचा निवाडा करता येत नाही, त्यासाठी मायक्रोमीटर लागतो, हे त्या पसरलेल्या आकड्यांतून आपोआप निघते. शेजारी मोल्डिंगचा एक पीस ठेवा, कारण व्हर्निअरचे जबडे दाबले की प्लास्टिकचे माप बदलते.

एक ट्रेही ठेवा. त्यात दोनशे चांगल्या रॉकरमध्ये (स्विचचा बोटाने दाबायचा भाग) काही डागाळलेले, बर म्हणजे कडेला जास्तीचे प्लास्टिक राहिलेले रॉकर मिसळून ठेवायचे आणि एका मिनिटात जितके सापडतील तितके काढायला सांगायचे. सगळे कोणालाच सापडत नाहीत, तुमच्या सर्वांत मुरलेल्या तपासनीसालाही नाही. शंभर टक्के तपासणी म्हणजे शंभर टक्के खात्री, हा वरिष्ठांचा समज या ट्रेपुढे टिकत नाही. अशा खेळांत कागदावरचा परिच्छेद देऊन अक्षरे मोजायला लावण्याचीही पद्धत आहे, पण ती तुम्ही वापरू नये. तुमच्याकडे काहींना वाचायला वेळ लागत असेल, काहींना मराठी लिपी सवयीची नसेल, आणि प्रदर्शनात आल्यावर आपल्या शाळेची परीक्षा चालली आहे असे कोणालाही वाटता कामा नये.

याच कारणासाठी मजकूर कमी ठेवा. प्रत्येक टेबलावर मराठीत आणि हिंदीत चार-चार ओळी, हाताने लिहिल्यासारख्या मोठ्या अक्षरांत, आणि कारखान्यात जो शब्द चालतो तोच शब्द. लाइनवर सगळे 'बर' म्हणतात तर फलकावर दुसरा शब्द शोधत बसू नका. आणि टेबलापाशी माहिती सांगायला अभियंते उभे करू नका. तुम्हीसुद्धा उभ्या राहू नका. हे तुम्हाला कदाचित पटणार नाही, कारण मेहनत तुमची आहे. पण अभियंता समोर दिसला की माणूस मान डोलावतो आणि पुढे सरकतो, आपल्यासारखाच ऑपरेटर दिसला की तो उलट प्रश्न विचारतो. प्रत्येक पाळीतून सहा-सात जण निवडा, त्यांत कंत्राटी कामगार आवर्जून घ्या, आणि आठवडाभर आधी रोज अर्धा तास त्यांच्यासोबत टेबले लावून बघा. या तालमीत ते तुमच्या निम्म्या गोष्टी बदलायला सांगतील. बदला. कामगारांच्या लहान गटांनी आपल्या कामातल्या अडचणी स्वतः सोडवायच्या, ही गुणवत्ता मंडळांची कल्पना जपानी गुणवत्तातज्ज्ञ कौरू इशिकावा यांच्या प्रयत्नांतून जपानमध्ये १९६२ साली रुजली. भारतात ती १९८० च्या सुमारास हैदराबादच्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यात आली, आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. तुमच्या प्रदर्शनाला हातभार लावणाऱ्या या अठरा-वीस जणांतून असा एखादा गट पुढे तयार झाला, तर मला मनापासून आनंद होईल, परंतु त्याची सक्ती करू नका.

टेबले कशी मांडायची याचा अंदाज हवा असेल, तर एखाद्या रविवारी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जाऊन या. १९८५ पासून ते लोकांसाठी खुले आहे. तिथे नुसते वाचायचे फलक आणि हाताने फिरवायची, ओढायची, दाबायची मांडणी अशा दोन्ही गोष्टी आहेत. लोक कशापाशी थांबतात आणि कशासमोरून निघून जातात हे तासभर एका बाजूला उभे राहून बघा. तुमच्या भागात, मरोळलाच, भारतीय मानक ब्युरोचे पश्चिम विभागीय कार्यालय आहे. तुमच्या मालावर आयएसआय चिन्ह असणारच. घरगुती स्विचसाठीचे भारतीय मानक आयएस ३८५४ हे आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो, तो फोनवर बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही हे दिसते. स्वतःच्या कारखान्याचे नाव स्वतःच्या फोनवर उमटलेले पाहून लोकांना बरे वाटते, तेव्हा हे एक लहान टेबल जरूर ठेवा.

वेळेचा प्रश्न. जेवणाच्या सुट्टीत प्रदर्शन दाखवणे हा कामगारांच्या हक्काच्या वेळेवर डल्ला आहे, आणि कारखान्याला स्वतःचा वेळ द्यावासा न वाटणारी गोष्ट महत्त्वाची नसते, हे लोकांना चांगले कळते. ठाम राहा. १५ जणांच्या १२ तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीला २५ मिनिटे दिली, तर तिन्ही पाळ्या मिळून पाच तासांत सगळे जण पाहून होतात. लाइन बंद पडत नाही, दर वेळी थोडी माणसे कमी असतात इतकेच. कारखान्याचा एकूण खर्च होतो ७५ मनुष्यतासांचा. आता गेल्या वर्षभरात ज्या एका लॉटला पुन्हा उघडून दुरुस्त करावे लागले, त्या लॉटवर किती माणसे किती तास बसली होती हे तुमच्या नोंदींतून काढा आणि दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून मॅनेजरसाहेबांपुढे ठेवा. सुपरवायझरांशी वाद घालत बसण्यापेक्षा हा कागद जास्त काम करील. रात्रपाळीला प्रदर्शन रात्रपाळीतच दाखवा. त्यांना सकाळी थांबवून घेऊ नका, विरार किंवा बदलापूरला पोचायचे असते त्यांना. आणि प्रदर्शनाची टेबले बाहेर पडण्याच्या वाटेवर किंवा अग्निशामक नळकांड्यांच्या पुढे येणार नाहीत, एवढे सेफ्टी अधिकाऱ्यांकडून बघून घ्या.

तारखेबद्दल: नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार जागतिक गुणवत्ता दिन म्हणून पाळला जातो, आणि बहुधा तोच दिवस तुमच्या साहेबांच्या मनात असेल. परंतु दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा येते, आणि उत्तर प्रदेश-बिहारकडची माणसे त्या सुमारास गावी गेलेली असतात. पंचांग बघा. दुसरा गुरुवार त्या दिवसांत येत असेल, तर प्रदर्शन महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात घ्या. अखेरचा आठवडा डिस्पॅचच्या धावपळीचा, तो टाळा. दिन हुकला तर काही बिघडत नाही, निम्मे कंत्राटी कामगार हुकले तर सगळेच बिघडते.

खर्च फारसा नाही. माल तुमचा, टेबले कँटीनची, पट्टी टूलरूमची. मणी, वाट्या, कागद आणि मार्कर यांना किती पैसे लागणार? फ्लेक्सचे पैसे वाचतील ते यात घाला. पाहुण्यांचे भाषण, फीत कापणे, दीपप्रज्वलन यांतले काहीही आवश्यक नाही. साहेबांना फारच वाटत असेल तर त्यांनी पाच मिनिटे बोलावे आणि लगेच मण्यांचा खेळ खेळावा. प्रश्नमंजुषा आणि घोषवाक्य स्पर्धा टाळाच, कारण बक्षिसे ज्यांना लिहिता-बोलता येते त्यांनाच मिळतात, आणि हाताने उत्तम काम करणारा माणूस टाळ्या वाजवत मागे बसतो.

शेवटचे टेबल मात्र रिकामे ठेवा. तिथे फक्त कोऱ्या चिठ्ठ्या, पेन आणि एक पेटी असावी, आणि वर एकच प्रश्न: 'तुमच्या कामात चांगला पीस काढताना आड काय येते?' ज्यांना लिहायचे नाही त्यांचे म्हणणे टेबलावरच्या माणसाने ऐकून लिहून घ्यावे. गेज झिजले आहे, प्रकाश अपुरा आहे, स्टोअरमधून आलेला स्क्रू मिसळलेला असतो, स्टूल उंच आहे, असल्या गोष्टी निघतील. प्रत्येक चिठ्ठीचे उत्तर १५ दिवसांच्या आत फलकावर लागले पाहिजे: काय केले, काय करणार आणि कधी, आणि जे करता येत नाही ते का येत नाही. यातले दोन-चार सोपे दुरुस्त होण्याजोगे प्रश्न, समजा झिजलेले गेज बदलणे किंवा तपासणीच्या टेबलावर दिवा लावणे, प्रदर्शन संपायच्या आतच मार्गी लावता आले तर पाहा. त्यासाठी मेंटेनन्सच्या एका माणसाला त्या दिवसांपुरते तुमच्या हाताशी मागून घ्या. पेटीतल्या चिठ्ठ्यांना उत्तरे देण्याची तयारी साहेबांकडे नसेल, तर पेटी ठेवू नका. न उघडलेली सूचना पेटी प्रदर्शन न भरवण्याहून वाईट आहे.

प्रदर्शनाचा उपयोग झाला की नाही, हे वरिष्ठ विचारणारच, आणि ते डिसेंबरच्या रिजेक्शनच्या आकड्याकडे बोट दाखवतील. त्याची तयारी आत्ताच करा. प्रदर्शन खरोखर लोकांपर्यंत पोचले असेल, तर डिसेंबरात आणि जानेवारीत लाइनवरून कळवलेल्या खराब पिसांची संख्या बहुधा वाढेल, कारण जे पीस पूर्वी गुपचूप पुढे सरकत होते ते आता ऑपरेटर स्वतः बाजूला काढून दाखवू लागतील. ग्राहकांच्या तक्रारींवर त्याचा परिणाम दिसायला त्याहून बराच काळ जावा लागतो, माल दुकानात आणि तिथून भिंतीवर जाईपर्यंत महिने लोटतात. तेव्हा हे वाढणे अपेक्षित आहे, आणि त्या आकड्यावरून कोणालाही मेमो दिला जाणार नाही किंवा कोणाचा इन्सेंटिव्ह कापला जाणार नाही, एवढे मॅनेजरसाहेबांकडून प्रदर्शनाच्या तारखेआधी लेखी घ्या आणि त्याची एक प्रत युनियनच्या प्रतिनिधींना द्या.